बोंडेकाकांची खरी तारीख

बोंडेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सवयीने विचारलं, "कोण बोलतंय? आणि मी विश्वास कसा ठेवू?"

पलीकडे काकांचा मुलगा होता, सुधीर, पुण्याहून. तो म्हणाला, "शकुंतला दीदी, मी सुधीर."

माझं नाव वंदना आहे. पण शकुंतला म्हटल्याबरोबर माझी खात्री पटली, कारण हे नाव मला काकांनीच ठेवलं होतं आणि ते का ठेवलं होतं हे आमच्या गल्लीबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. वडील गेल्याची बातमी सांगणाऱ्या मुलाकडे ओळखीचा पुरावा मागितला म्हणून मला फार ओशाळल्यासारखं झालं. सुधीर मात्र रडता रडता हसला. "बाबा असते तर खूश झाले असते," म्हणाला.

जबलपूरला अधारतालच्या मेन रोडवर माझं फोटोकॉपीचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. मागच्या गल्लीत बोंडेकाकांचं घर होतं. त्यांचे वडील वर्ध्याकडून इकडे पोटापाण्यासाठी आले आणि इथलेच झाले. काका रिछाईतल्या एका केबलच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होते. स्टोअरच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या. निवृत्त झाल्यावर किल्ल्या गेल्या, पण कमरेवर हात ठेवून चालायची सवय तशीच राहिली. पुढे मोबाइलमध्ये बँक आली, पेपरात रोज कोणाचं तरी खातं रिकामं झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि काकांना पुन्हा एकदा राखण करण्यासारखं काहीतरी मिळालं.

राखण कशी, तर काकूंकडून त्यांनी बनियनला आतून खिसा शिवून घेतला होता, बटणाचा. मोबाइल त्यात. फोन वाजला की आधी शर्टाची बटणं उघडायची, मग खिशाचं बटण. तोवर वाजायचा थांबे. "बरं झालं," काका पुन्हा बटणं लावत म्हणत, "कामाचा असन तर परत करन." परत आला की हाच सगळा कार्यक्रम पहिल्यापासून. भर उन्हाळ्यात मेन रोडवर काका छाती उघडी टाकून कोणाशी तरी बोलताना दिसले की नवीन माणूस बिचकायचा.

माझ्या दुकानात ते आधार कार्डाची कॉपी काढायला आले की मी इतर गिऱ्हाइकांना आधीच सांगायची, वेळ लागेल. कॉपी झाली की काका खिशातून रुमाल काढून मशीनची काच पुसत.

"काका, काचेवर काही राहत नाही."

"छाया राहते बेटा. तुले दिसत नाही."

पुसून झालं की कोरा कागद ठेवून एक कॉपी काढायला लावत. कोऱ्यावरून कोरी निघाली की उजेडात धरून उलटसुलट बघत, तिचेही पैसे देत आणि तो कोरा कागद चार घड्या घालून घरी घेऊन जात. माझ्या धंद्याचं म्हणाल तर काकांच्या संशयाने माझं भलंच केलं.

नाव ही त्यांच्या मते सगळ्यात मोठी चोरण्यासारखी वस्तू. त्यामुळे चारचौघांत ते कोणालाच खऱ्या नावाने हाक मारत नसत. मी शकुंतला. दूधवाला राजेश त्यांच्यासाठी दिनेश. समोरचे तिवारीजी, ज्यांची पाटी दारावर दोन हात लांबीची होती, ते "वर्माजी". तिवारीजी बिचारे पहिली काही वर्षं दुरुस्ती करत, मग ओ देऊ लागले. माझी तर निम्मी गिऱ्हाइकं आजही मला शकुंतला दीदीच म्हणतात. एकदा माझ्या नावाचं पार्सल गल्लीतून परत गेलं, कारण पोऱ्याने ज्याला विचारलं त्याने छातीठोकपणे सांगितलं की इथे वंदना नावाचं कोणी राहत नाही.

आता या एवढ्या सावध माणसाचा एक सिद्धांत होता आणि त्यातच पुढचा घोटाळा होता. तो सिद्धांत आम्हा इथल्या सगळ्याच मराठी माणसांचा थोडाफार असतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मग बाजारात एकमेकांशी काही खासगी बोलायचं झालं की आम्ही बिनधास्त मराठीत बोलतो, समोरच्या दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या मालाला नावं ठेवतो आणि त्याला कळलं नसणार असं धरून चालतो. काकांनी तर मराठीलाच तिजोरी करून टाकलं होतं. "जबलपूरमधे मराठीपेक्षा पक्कं कुलूप नाही," ते म्हणत. आकडेसुद्धा निवडून घेत. सात-आठ कोणालाही कळतं. पण एकोणऐंशी? "हे तर कुलपातलं कुलूप आहे बेटा."

म्हणून बँकेच्या एटीएमसमोर, भल्यामोठ्या रांगेत उभं राहून, आतमध्ये कार्ड घालून गोंधळलेल्या काकूंना त्यांनी बाहेरूनच आवाज दिला, "अवं, एकोणऐंशी दाब, अन् मंग त्रेपन्न!" काकूंना ऐकू आलं नाही. काकांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तेव्हा दारावरचा बंदूकवाला गार्ड वळून आत डोकावला आणि म्हणाला, "मावशी, एकोणऐंशी म्हणून राहिले ते. सात अन् नऊ." गार्ड पांढुर्ण्याचा होता, मराठी मुलखाच्या सीमेवरचा. रांगेतल्या अजून दोघांनी मान हलवून दुजोरा दिला.

काकांनी त्याच दिवशी नंबर बदलला. सिद्धांत बदलला नाही. "ते आपलेच निघाले," म्हणाले, "आपल्या माणसापासून काय धोका?"

काकू, म्हणजे कुसुमकाकू, यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. काका जेवढे बंद, काकू तेवढ्या उघड्या. सकाळी रज्जन भैयाचा भाजीचा ठेला गल्लीत आला की काकू बाहेर येत आणि भेंडी निवडता निवडता घरातलं सगळं सांगून टाकत. सुधीरला बढती मिळाली, यांना रात्री गॅस झाला, पेन्शन अजून जमा नाही, बनियनचा खिसा फाटला. रज्जन भैया पुढच्या महाराजपूरपर्यंत ठेला नेत असल्यामुळे दुपारपर्यंत बातमी तिकडे पोचे. कोणा चोराला बोंडेंची माहिती हवी असती तर संगणक वगैरे लागलाच नसता, पावभर भेंडी घेतली असती तर काम झालं असतं.

पण काकूंकडे एक गोष्ट अशी होती जी त्यांनी कधीच कोणाला सांगितली नाही. ती होती काकांची खरी जन्मतारीख. कागदावरची तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी मनाने टाकलेली, जशी त्या पिढीत सगळ्यांचीच. खरी वेगळी होती. लग्न झाल्यावर काकांनी ती काकूंना सांगितली आणि वर बजावलं, कोणाले सांगू नको. काकूंनी नाही सांगितली. दरवर्षी त्या दिवशी काकू पहाटे उठून, दार लावून, काकांना ओवाळत आणि पुरणपोळी करत, एवढंच आम्हाला माहीत. दिवस कोणता ते माहीत नाही. गल्लीतल्या बायकांनी खूप प्रयत्न केले. काकू सगळं बोलत आणि इथवर आलं की ओठ मिटत.

"ते सोडून काहीही विचार," मला म्हणाल्या होत्या. "आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मले सांभाळाले दिली आहे."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते मी सुधीरच्या बढतीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

बँकेने मोबाइलवर खातं उघडताना काही खासगी प्रश्न विचारले, ओळख पटवण्यासाठी. आईचं माहेरचं नाव, पहिली शाळा, आवडता पदार्थ, असले. काका माझ्याच दुकानात बसले होते. त्यांनी सगळी उत्तरं खोटी दिली. आई कौसल्या, तिचं नाव त्यांनी शांताबाई लिहिलं. शाळा भलतीच. आवडता पदार्थ कारलं. काकांसमोर कारलं आलं तर ते ताट सरकवून उठत.

"काका, खरं लिहा. तुमच्याच लक्षात नाही राहणार."

"खरं लिहिलं तर चोराले सापडन. खोटं कुठून शोधन तो?"

यात तर्क होता. पण महिनाभराने पासवर्ड विसरल्यावर त्यांनी बँकेला फोन लावला आणि तिकडच्या मुलीने तेच प्रश्न विचारले. काकांना एकही खोटं आठवेना. मुलगी शेवटी नम्रपणे म्हणाली, "सर, माफ कीजिए, आप पुंडलिक बोंडे नहीं हैं." मला वाटलं काका चिडतील. काका उठून उभे राहिले आणि फोनला म्हणाले, "शाबास बेटी." मग माझ्याकडे वळले, डोळ्यांत पाणी येईतो खूश. "मलेच घुसू नाही दिलं. पक्की बँक आहे."

आणि मग एका दुपारी चोराचा फोन आला.

हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण दोघांचं जुळतं. काका जेवून खाटेवर बसले होते, काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. फोन वाजला. काकांनी बटणं उघडून तो कसाबसा काढला. पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला, "नमस्कार काका. बँकेतून बोलतोय. जेवण झालं का?"

हिंदीत आला असता तर काकांनी त्याला दिनेश, वर्मा, काहीही सांगून वाटेला लावलं असतं. इंग्रजीत आला असता तर बटणं लावून टाकली असती. पण हा मराठीत आला. काकांचं एकुलतं एक कुलूप आणि त्याची किल्ली घेऊनच पोरगा दारात उभा.

"बँकेत मराठी पोरगं?" काका म्हणाले. "कुठचा रे तू?"

"वर्ध्याकडचा, काका."

झालं. काका मांडी घालून बसले. पोरगा म्हणाला की तुमच्या खात्यावर कोणीतरी डल्ला मारून राहिलं आहे, आपण लवकर लवकर तुमची माहिती तपासून घेऊ. लवकर हा शब्द काकांनी सोडून दिला. आईचं नाव विचारलं तर कौसल्या, तिचं माहेर कोणतं, त्या गावच्या विहिरीचं पाणी कसं, मामांनी बैलजोडी का विकली, सगळं सांगितलं. शाळेचं नाव विचारलं तर मास्तरांसकट सांगितलं. आवडता पदार्थ विचारला तर कारलं नव्हे, पाटवडीचा रस्सा, आणि तो कसा करतात तेही. खरं, अगदी सगळं खरं. आपला माणूस विचारतो आहे म्हटल्यावर खोटं कशाला बोलायचं? चोर मध्येमध्ये "हो काका, हो काका" करत होता. त्याचीही दया यावी अशी दुपार होती ती.

उत्तरं अर्थातच एकही जुळेना. शेवटी पोरगा म्हणाला, "काका, जन्मतारीख पण जमत नाहीये. ही शाळेतली असेल. खरी कोणती?"

काकांनी आवाज खाली आणला. पण त्यांचा खाली आणलेला आवाज म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत. "आता तू आपल्याकडचा म्हणून सांगतो. तान्हा पोळा. आईले कळा आल्या तेव्हा दारात पोरं लाकडी बैल घेऊन उभे होते. ते बोजाऱ्याचे पैसे मागून राहिले अन् मी इकडे रडून राहिलो."

"काका, सण नको, तारीख सांगा," चोर म्हणाला. तो आता टेकीला आला होता.

स्वयंपाकघरात मेथी निवडायचा आवाज थांबला. काकू बाहेर आल्या. हातात जुडी तशीच.

"तान्हा पोळा?" त्या म्हणाल्या. "मंग वसंतपंचमीले मी कोणाले ओवाळत होती जी?"

चोराने फोन ठेवला. पुढचं ऐकण्याची त्याची छाती झाली नसावी.

काका छाती उघडी टाकून, अनवाणी, माझ्या दुकानात आले. पेन्शनचं खातं तेवढं बघ म्हणाले. मी बँकेला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तिकडच्या मुलीने तपासून सांगितलं की खात्यातून काही गेलेलं नाही, पण चुकीची उत्तरं सारखी पडल्यामुळे खातं बंद झालंय, शाखेत येऊन उघडून घ्या. "जो भी था मॅडम," ती हसत म्हणाली, "बोंडे जी के बारे में कुछ नहीं जानता था."

दुकानातले लोक हसले. मीही. काका हसले नाहीत. त्या पोराएवढं बोंडेंविषयी जगात कोणालाच माहीत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"काका, काकूंना खोटी तारीख काहून सांगितली?" मी विचारलं.

ते बराच वेळ मशीनची काच पुसत राहिले. "स्टोअरमधे नवीन माणूस आला की आम्ही पहिले त्याले रिकाम्या खोलीची चाबी देत होतो," म्हणाले. "कसा राहतो पाहाले. लग्न नवीन होतं बेटा. मंग भरल्या खोलीची चाबी द्यायची राहूनच गेली. ती इतक्या हौसेनं पुरण वाटे, सांगू कसं?"

त्यानंतर काकूंनी बोलणं सोडलं. काकांशीच नव्हे, सगळ्यांशी. रज्जन भैयाचा ठेला येई, काकू भाजी घेत आणि आत जात. गल्ली आंधळी झाली. कोणाची सून माहेरी गेली, कोणाला मुलगा झाला, तिवारीजींच्या घरातून रात्री ओरडायचा आवाज कशाचा आला, काही कळेना. रज्जन भैया मला विचारू लागला, "दीदी, अम्मा की तबियत ठीक है न?" महाराजपूरच्या बायकांनी त्याला म्हणे खरेदी कमी केली.

मी एकदा भेटायला गेले. काकू गहू निवडत होत्या.

"सुधीरले नाही सांगतली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीले नाही सांगतली, तिनं शपथ घातली तरी. मले वाटे, बाकी सगळं माह्या तोंडातून सांडते, पण हे एक मी धरून ठेवलं. अन् डब्बा रिकामा होता वंदना. मी रिकामा डब्बा धरून बसली होती." मग हळूच म्हणाल्या, "चोरानं विचारलं तर त्याले सांगून टाकलं."

मी थोडे गहू निवडले आणि आले. त्या दिवशी मला काकांचा मनापासून राग आला होता, हे लिहून ठेवते.

बँकेने खातं परत उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन दुकानात आले. कसं आणलं कोण जाणे. काकू भिंतीकडे बघत उभ्या. दुकानात गर्दी होती. काका आत येऊन म्हणाले, "वंदना, या फोनले नवीन कुलूप लावून दे."

दुकानातले लोक वंदना कोण ते शोधू लागले.

मी फोनमधली कुलपाची जागा उघडून दिली. काकांनी पाठ फिरवून नवे आकडे टाकले, एकदा, दुसऱ्यांदा. मग वाकून काकूंच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. या वेळी आवाज खरोखरच खाली होता, मला शेजारी असून ऐकू आलं नाही. सरळ होत ते म्हणाले, "कुठं लिहून नाही ठेवलं. मी विसरलो तर तूच."

काकूंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "हे भरलेलं आहे का रिकामं?"

"टाकून पाह्य."

काकूंनी फोन हातात घेतला, एका बोटाने एकेक आकडा दाबला. फोन उघडला. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा उघडून पाहिला. मग काकांच्या बनियनच्या खिशात स्वतः ठेवून बटण लावलं, भर दुकानात.

बाहेर रज्जन भैया ठेला घेऊन टपलेलाच होता. "अम्मा, बाबूजी ने कान में क्या बताया?"

"भिंडी दिखा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला मधल्या सगळ्या दिवसांच्या बातम्या एकदम मिळाल्या. ती एक सोडून. तान्हा पोळा मात्र त्या वर्षी अंगणात उघड्यावर झाला. काकूंनी काकांना पाटावर बसवून ओवाळलं आणि गल्लीभर पुरणपोळी वाटली. "तारीख चोरालेबी माहीत आहे," म्हणाल्या, "आता लपवून काय करता?" काकांशी सगळ्यांनी हात मिळवला. तिवारीजींनी हार घातला तेव्हा काका म्हणाले, "थँक्यू वर्माजी."

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी सुधीर दोघांना पुण्याला न्यायला आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची गाडी उभी, सामान वर चढवलेलं, काका-काकू मागच्या सीटवर. आम्ही सगळे खिडकीला गोळा झालेलो. गाडीवाल्याला फोनवर आलेला कोड सांगायचा होता आणि गाडी बुक झाली होती काकांच्या फोनवरून. काकांनी बटणं उघडली, फोन काढला, आकडे टाकले. उघडेना. पुन्हा टाकले. सुधीर घड्याळ बघू लागला.

"बाबा, लवकर. ट्रेन आहे."

"विसरलो रे," काका म्हणाले आणि काकूंकडे वळले. "कुसुम, सांग न."

सगळे काकूंकडे बघू लागले. रज्जन भैया तर ठेला सोडून पुढे आला.

"इथं नाही," काकू म्हणाल्या. "लोक आहेत."

"अवं पण माहाच आहे तो."

"तुमचा असन. सांभाळाले माह्यापाशी आहे." मग त्यांनी खिडकीची काच वर केली, पदराचा आडोसा केला आणि काकांचा आकडा काकांच्या कानात सांगितला. काचेतून मला फक्त काकांचा चेहरा दिसत होता. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि इतके खूश दिसत होते की मला शंका आली, हा माणूस खरंच विसरला होता का.